अकराशे चारावा सामना

लुमीर हावरानेक नऊ वर्षांत एकदाही आजारी पडला नाही, असं कोलार बेंड गावचे लोक कौतुकानं सांगत, आणि ते साफ खोटं होतं. तो चार माणसांसारखाच आजारी पडे. गालफुगी झाली तेव्हा तो खेळला. पोट बिघडलं तेव्हा दर डावानंतर पँट सावरत कपडे बदलायच्या खोलीकडे पळाला, पण खेळला. बरगडीला चीर गेली तेव्हा मॅनेजर बक डिलार्डनं त्याला चिकटपट्ट्यांनी आवळून दुसऱ्या बेसवर नेऊन उभा केला. नेब्रास्कातल्या त्या चिमुकल्या बेसबॉल लीगमध्ये त्याच्याहून चांगली पोरं दर वर्षी यायची आणि मोठ्या शहरांत निघून जायची. लुमीर चौतीस वर्षांचा झाला तरी इथंच होता. मोठ्या लीगकडून त्याला कधी साधं पत्रही आलं नाही. त्याच्यापाशी सांगण्यासारखी गोष्ट एकच होती. एकोणीसशे पन्नास सालच्या वसंतापासून त्याचा एकही सामना चुकला नव्हता.

त्या लीगचा सलग सामन्यांचा विक्रम ओरविल मॅकनॅब नावाच्या एका दिवंगत माणसाच्या नावावर होता. अकराशे तीन सामने. मैदानाच्या मागच्या भिंतीवर ते नाव आणि तो आकडा तीस वर्षांपूर्वी कुणीतरी रंगवला होता आणि दर वसंतात त्यावर नवा हात फिरवला जाई. हा काही मोडायचा नाही, असं म्हाताऱ्यांच्या एका पिढीनं दुसऱ्या पिढीला सांगून ठेवलं होतं. अठ्ठावन्न सालच्या ऑगस्टातल्या शेवटच्या गुरुवारी लुमीरचे अकराशे दोन झाले होते. शुक्रवारी बरोबरी होणार होती. शनिवारी सामना नव्हता, आणि रविवारी, मोसमाच्या शेवटच्या सामन्यात, विक्रम होणार होता. रंगाऱ्यानं शिडीसुद्धा आणून ठेवली होती.

त्या गुरुवारी दुपारी एड्नाकाकूंनी त्याला वाचनालयात बोलावून घेतलं.

एड्ना प्रोखास्का गावच्या वाचनालयाच्या ग्रंथपाल होत्या आणि संघाच्या अधिकृत स्कोअररही. हे दुसरं काम त्यांच्याकडे नवऱ्यानंतर आलं. अंतोन प्रोखास्का बावीस वर्षं छपरावरच्या लाकडी खोलीत बसून प्रत्येक चेंडूची नोंद करत होता. छप्पन सालच्या शरदात तो हृदयविकारानं गेला, तेव्हा त्याच्या खुणा वाचता येणारं गावात दुसरं कुणी नव्हतं. यंदा लीगच्या कचेरीनं विक्रमासाठी सगळ्या सामन्यांची सही केलेली यादी मागितली होती. काकू तीन आठवडे जुन्या वह्या घेऊन बसल्या होत्या.

त्यांनी लुमीरला बसायला सांगितलं. मग छप्पन सालची वही उघडून त्याच्यापुढे सरकवली आणि जून महिन्यातल्या एका पानावर बोट ठेवलं.

लुमीरनं पान पाहिलं आणि त्याला हसू फुटलं. तो सामना तो कसा विसरेल? आदल्या दिवशी चेंडू लागून त्याचा उजवा अंगठा वांग्याएवढा सुजला होता. बॅट धरता येत नव्हती, चेंडू फेकता येत नव्हता. बकनं त्याला आठ डाव बाकावर बसवून ठेवलं. नवव्या, म्हणजे शेवटच्या डावात दोन बाद असताना आणि धावसंख्या बरोबरीत असताना आपला एक जाडजूड खेळाडू पहिल्या बेसवर पोचला. बकनं त्याला परत बोलावलं आणि त्याच्या जागी धावायला लुमीरला पाठवलं. बक म्हणाला होता, "जा, सामन्यात पाय टाकून ये. तुझा आकडाही राहील आणि त्या जाड्याचा जीवही वाचेल." पुढच्या फटक्यावर लुमीर पहिल्या बेसवरून सुटला. तिसऱ्या बेसपाशी बक दोन्ही हात वर करून 'थांब, थांब' असं ओरडत होता. लुमीर थांबला नाही. तो पोटावर घसरत होमवर, जिथं पाय लागला की धाव होते तिथं, पोचला आणि सामना जिंकला. लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं होतं. उभ्या आयुष्यात त्याला लोकांनी खांद्यावर घेतलं ते तेवढंच.

काकू हसल्या नाहीत. त्यांनी लीगच्या नियमांचं पुस्तक काढलं आणि त्यातलं एक कलम त्याला वाचून दाखवलं. सलग सामन्यांच्या गणतीत तो सामना धरायचा असेल तर खेळाडूनं निदान अर्धा डाव क्षेत्ररक्षण तरी केलेलं हवं, नाहीतर एकदा पूर्ण बॅटिंग तरी. नुसतं दुसऱ्याच्या बदली धावणं धरलं जात नाही.

लुमीरनं ते पुस्तक हातात घेऊन स्वतः वाचलं. मग पुन्हा वाचलं. तो म्हणाला, मी मैदानात होतो, धाव काढली, पेपरात नाव आलं, सगळ्या गावानं पाहिलं. काकू म्हणाल्या, सगळं खरं आहे. तो म्हणाला, बकला एवढी वर्षं झाली या धंद्यात, त्याला कळत नाही का? काकू म्हणाल्या, बकनं आयुष्यात नियमाचं पुस्तक उघडलेलं नाही, हे तुलाही ठाऊक आहे.

"म्हणजे माझे किती झाले?" त्यानं विचारलं.

"त्या दिवसानंतरचे मोजायचे. तीनशे चौदा."

वाचनालयातला पंखा घरघरत होता. लुमीरच्या डोक्यात आकडेमोड सुरू झाली, पण आकड्यांची नव्हे. बक हात वर करून उभा होता. आपण थांबलो असतो तर? पुढचा बॅटर आपला पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा होता, त्यानं त्या साली मोजून दोन फटके मारले होते. तो हमखास बाद झाला असता, आणि तीन बाद झाले की डाव संपतो. दहावा डाव लागला असता. राखीव माणसं संपली होती, तेव्हा सुजल्या हातानं का होईना, लुमीरला राइट फील्डमध्ये, मैदानाच्या उजव्या टोकाला, उभं राहावंच लागलं असतं. अर्धा डाव. तेवढंच पुरत होतं. जी धाव काढली म्हणून त्याला खांद्यावर घेतलं, त्याच धावेनं त्याचा घात केला होता.

आणि मग त्याला वडिलांची आठवण झाली. तो खुर्चीतून उठला, पुस्तकांच्या दोन कपाटांमधल्या बोळात गेला आणि तिथं तोंड दाबून उभा राहिला. काकूंनी त्याला उभं राहू दिलं.

त्याचे वडील, व्हेन्सेल हावरानेक, सत्तावन्नच्या जुलैत गेले. मंगळवारी गेले आणि गुरुवारी दुपारी दफन होतं. संघ गुरुवारी अॅशग्रोव्हला, दीडशे मैलांवर खेळत होता. आईनं फोनवर विचारलं, येशील ना? बक म्हणाला, जा बाबा, बाप एकदाच मरतो. लुमीर गेला नाही. अकराशे तीनच्या इतकं जवळ आल्यावर एका दुपारसाठी सात वर्षं पाण्यात कशी घालायची, असं त्यानं आईला विचारलं होतं. आईनं फोन ठेवला. त्या दिवशी तो चार वेळा बॅटिंगला आला आणि चारही वेळा बाद झाला.

आता कळत होतं की तेव्हा पाण्यात घालायला काही उरलंच नव्हतं. मालिका तुटून वर्ष उलटून गेलं होतं. मेलेल्या विक्रमासाठी तो मेलेल्या बापाला पोचवायला गेला नव्हता.

काकूंनी यादी अजून पाठवलेली नव्हती. रविवारी सामन्याआधी सही करून ती लीगच्या अध्यक्षांच्या हाती द्यायची होती. त्यांनी कुणालाही काही सांगितलेलं नव्हतं. त्या म्हणाल्या, आधी तुझ्या कानावर घालावं असं वाटलं. लुमीर त्यांचे आभारही न मानता निघून गेला.

शुक्रवारी तो खेळला. बरोबरी झाली म्हणून लोकांनी टोप्या उडवल्या. दोन सोपे चेंडू त्याच्या हातून सुटले, तर लोक म्हणाले, बिचाऱ्यावर दडपण आलंय.

शनिवारी सकाळी तो आईला सगळं सांगायचं असं ठरवून स्वयंपाकघरात गेला. बोझेना हावरानेक पीठ मळत होती. टेबलावर खसखशीचं सारण निवत ठेवलं होतं, आणि ओट्यावर कोलाच, म्हणजे सारण भरलेले गोल गोड पाव, ओळीनं मांडले होते. दफनापासून ती मुलाशी भांडली नव्हती. भांडली असती तर बरं झालं असतं. ती त्याचे कपडे धुवायची, त्याला वेळेवर जेवायला वाढायची, आणि सामन्याबद्दल एक शब्द विचारायची नाही. तेरा महिने ती त्याच्याशी घरी उतरलेल्या पाहुण्यासारखी वागत होती.

"तुमच्यात माणसं किती?" तिनं विचारलं.

"अठरा. का?"

"मग सहा डझन पुरतील. त्या दुसऱ्या संघालाही देऊ." तिनं हात पुसले. "मी उद्या येणार आहे."

आई आजवर एकदाही मैदानावर आलेली नव्हती. उन्हात बसून पुरुषांना धावताना बघायचं हा तिच्या लेखी रिकामटेकडेपणा होता.

"तुझे बाबा जायचे, मी कधी गेले नाही," ती म्हणाली. "पण आता मला बघायचंय. ज्याच्यापायी तू त्यांना माती द्यायला आला नाहीस, ते असतं तरी काय, ते मला एकदा डोळ्यांनी बघायचंय. एवढं मोठं काही असेल तर मी गप्प बसेन."

लुमीर जे सांगायला आला होता ते तसंच राहिलं. आईनं त्याच्या हातात एक गरम कोलाच ठेवला. गेल्या वर्षात जेवणाच्या वेळेखेरीज तिनं त्याला आपणहून काही खायला देण्याची ती पहिली वेळ होती. तो त्यानं उभ्या उभ्या खाल्ला. चव कळली नाही. अंगणाच्या फाटकापर्यंत तो चालत गेला, फाटकाच्या बाहेर पडल्यावर मात्र चक्क पळत सुटला.

एड्नाकाकू वाचनालय बंद करून कुलूप लावत होत्या. त्यानं त्यांना पुन्हा आत नेलं. खुर्चीवर तो बसलाच नाही. एकच ओळ, तो म्हणाला. नवव्या डावात त्या जाड्याच्या जागी हावरानेकच बॅटिंगला आला आणि बॅट न फिरवता चार वाईट चेंडू सोडून पहिल्या बेसवर गेला, एवढं लिहा. पहिल्या बेसवर आधी कोण पोचलं होतं, दोन वर्षांनी कुणाला आठवणार आहे? पेपरात फक्त विजयी धावेचं छापलंय. लीगच्या कचेरीत नुसत्या बेरजा आहेत. खरं काय ते फक्त या वहीत आहे.

"ही वही अंतोनची आहे," काकू म्हणाल्या. "बावीस वर्षांत त्यानं एक खोटी खूण केली नाही. स्वतःच्या भाच्याची चूक चूकच लिहिली, तो भाचा आमच्या घरी जेवायला यायचा बंद झाला. आणि त्याच्या पानावर मी खोटं लिहू?"

"तुम्ही लिहिलंत तर आईला मी परत मिळेन, काकू."

"आईला खरं सांग की."

"काय सांगू? की उगीचच आलो नाही?" तो म्हणाला. "काहीतरी होतं म्हणून आलो नाही, हे ती एकवेळ गिळेल. काहीच नव्हतं आणि तरी आलो नाही, हे कशी गिळेल? मी तरी कसं गिळू? मी दोन दिवस झोपलो नाहीये. माझ्याकडे दुसरं काही नाही हो. ना बायको, ना पोर, ना मोठ्या लीगमधला एक दिवस. पुढच्या वर्षी मी गिरणीत पोती उचलणार आहे."

काकू नाही म्हणत नव्हत्या हे पाहून लुमीरनं त्यांच्या टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली.

"मला तो जन्मभरासाठी नकोच आहे," तो म्हणाला. "अॅशग्रोव्हचा तो योस्ट बघा. एकवीस वर्षांचा आहे. तीन वर्षांत त्याचा एक सामना चुकलेला नाही, घोड्यासारखी तब्येत आहे. सहा वर्षं, फार तर सात. तो माझा आकडा ओलांडेल, भिंतीवरचं माझं नाव खरवडून त्याचं रंगवतील, आणि मग जूनमधल्या त्या पानाला कुणी विचारणार नाही. मी स्वतः शिडी धरायला जाईन. तोपर्यंत आईच्या डोळ्यांपुढे राहू दे. एवढंच मागतोय."

काकूंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. त्यांनाही मूलबाळ नव्हतं. मग त्यांनी खणातून अंतोनची एक बोटभर उरलेली पेन्सिल काढली, टोक केलं, आणि उभ्यानंच वही उघडली. तीस वर्षं त्या माणसाच्या किराण्याच्या याद्या वाचलेल्या बाईला त्याचं अक्षर काढणं जड नव्हतं. दोन आकडे आणि एक आडवी रेघ. तेवढ्यात काम झालं.

"आता जा," त्या म्हणाल्या. "आणि याविषयी माझ्याशी पुन्हा बोलू नकोस. कधीच."

रविवारी मैदान भरून गेलं. घरोघरी टेलिव्हिजन आल्यापासून एवढी माणसं तिथं कुणी पाहिली नव्हती. आई पहिल्या रांगेत काळ्या टोपीत बसली होती, मांडीवर कोलाचांचा डबा होता. पाच डाव झाले की सामना अधिकृत धरला जातो, म्हणून पाचवा डाव संपताच अंपायरनं खेळ थांबवला. सगळे उभे राहिले. बक डिलार्डनं लुमीरला ढकलत मधोमध आणलं आणि लीगच्या अध्यक्षांनी ध्वनिक्षेपक हातात घेतला. अध्यक्ष हॅरिस लिंडेल हा लाकडाच्या वखारीचा मालक होता आणि भाषणाची हौस असलेला माणूस होता. आज मात्र त्यानं सगळं कागदावर लिहून आणलं होतं.

त्यानं आधी अकराशे चार हा आकडा सांगितला. टाळ्या थांबेनात. मग तो म्हणाला की आणखी एक गोष्ट सांगायची आहे आणि ती सांगणं त्याच्या जिवावर आलंय. चारही संघांच्या मालकांची आज सकाळी बैठक झाली. तिकिटं खपत नाहीत, बसचं भाडं निघत नाही. ही लीग आज संध्याकाळी बंद होत आहे. पुढच्या वसंतात इथं बेसबॉल असणार नाही.

टाळ्या तुटक तुटक होत थांबल्या. कुणीतरी बायकांच्या रांगेत रडायला लागलं.

"पण एक सांगतो," लिंडेल म्हणाला. "ओरविल मॅकनॅबचा विक्रम मोडायचा नाही असं म्हणायचे, तो मोडला. लुमीर हावरानेकचा मात्र आता कुणाच्या बापाला मोडता येणार नाही. मोडायला लीगच उरली नाही. हे नाव आता कायमचं."

सगळं मैदान पुन्हा उभं राहिलं. लोक रडत होते आणि टाळ्या वाजवत होते. संपत चाललेल्या त्या गोष्टीतलं एक तरी काही टिकणार होतं आणि ते लुमीर होता. लुमीरनं छपरावरच्या लाकडी खोलीकडे पाहिलं. एड्नाकाकू खिडकीत उभ्या होत्या. त्यांचे हात वहीवर होते, त्या टाळ्या वाजवत नव्हत्या.

अॅशग्रोव्हचा योस्ट तिसऱ्या बेसवरून चालत आला. त्याचे डोळे लाल झाले होते. त्यानं लुमीरचा हात हातात घेतला.

"मी तुमच्याच मागावर होतो, दादा," तो म्हणाला. "तुम्हाला गाठायचंच असं ठरवलं होतं मी."

"अरे, दुसऱ्या लीगमध्ये जा," लुमीर म्हणाला. त्याच्या आवाजात अशी काही विनवणी होती की पोरगा चपापला. "तू खेळत राहा. कुठंतरी खेळ."

"तिकडचा आकडा तिकडचा, तुमच्याला त्याचा काय धक्का लागणार? आणि माझा भाऊ मला सिमेंटच्या कारखान्यात चिकटवतोय." योस्टनं त्याच्या पाठीवर थाप मारली. "तुम्ही सुटलात. तुम्हाला आता कुणी हात लावू शकत नाही."

तेवढ्यात बकनं आईला हाताला धरून मैदानात आणलं. ती गवतावरून जपून चालत होती, डबा कुणाकडे तरी दिलेला होता. लुमीरच्या पुढे येऊन ती थांबली आणि आजूबाजूला बघू लागली, चहूबाजूंनी उभ्या असलेल्या, डोळे पुसणाऱ्या माणसांकडे. शेजारची, गिरणीतली, चर्चमधली, सगळी तीच माणसं, जी व्हेन्सेलच्या दफनालाही आली होती. तिनं मुलाचा चेहरा दोन्ही हातांत धरला. तिच्या बोटांना खसखशीचा वास येत होता.

लुमीर म्हणाला, "आई, मला तुला एक सांगायचंय."

"काही सांगू नकोस," ती म्हणाली. "मी बघितलं. मला वाटायचं, पोरखेळापायी यानं बापाला टाकलं. पण हे तर मोठं आहे रे. बाबांनी बघायला हवं होतं." तिनं त्याची टोपी सरळ केली. "त्या दिवशी तू आला नाहीस ते योग्यच केलंस. मी तेरा महिने तुझ्यावर राग धरला, तो चुकीचा होता. मला माफ कर."

आईला माफी मागताना त्यानं आयुष्यात कधी ऐकलं नव्हतं. आता बोललो तर तिला तिचे शब्द परत घ्यावे लागतील, इथं, सगळ्या गावासमोर. आणि नाही बोललो तर तो खोटा आकडा आणि त्यापायी तिनं मागितलेली माफी, दोन्ही त्याच्या गळ्यात राहणार होती, ती गेल्यावरही. ते ओझं उतरवायला आता कुणी येणार नव्हतं.

"केलंस ना माफ?" आईनं विचारलं.

लुमीरनं मान हलवली आणि हो म्हटलं.